खांब क्रमांक तेरा ते चोवीस

गुरुवार, २० नोव्हेंबर १९९७
पिपरी मेघे

काल काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते. वेळा फॅक्टरीच्या टाइमकीपरच्या वहीतल्या आहेत.

१. ठिकाण: समुद्रपूर रस्त्यावरची, कापसातून सरकी काढणारी जिनिंग फॅक्टरी. लोखंडी सांगाड्याची एक मोठी शेड. मालक पुंडलिकराव. रोजचं काम त्यांचा मुलगा प्रफुल पाहतो.
२. सकाळी ११.४० ला पूर्वेकडच्या यंत्राजवळ कापसाने पेट घेतला.
३. आत चाळीस माणसं होती, त्यात एकतीस बाया. एकोणचाळीस जण दक्षिणेच्या दारातून बाहेर आले.
४. उत्तर भिंतीवरच्या आगीच्या नळाला पाणी आलं नाही.
५. ११.५२ ला उत्तरेकडचा खांब क्रमांक १५ वाकला. पाठोपाठ १४ आणि १६. छताचा पूर्व भाग खाली आला.
६. बंब १२.३५ ला पोचला.
७. पश्चिमेकडची अर्धी शेड उभी आहे.
८. जखमी एक. कमलाबाई, वय ५४, कामगार. डावा हात, खांदा, मान. सावंगीच्या दवाखान्यात भरती.
९. या शेडची तपासणी ६ जूनला झाली होती. अहवालात लिहिलं आहे: सर्व खांबांवरचं कवच शाबूत, आग लागल्यास सांगाडा साठ मिनिटं उभा राहील.
१०. तपासणी मी केली होती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सरांबरोबर फॅक्टरीत गेले. सर म्हणजे मधुकरराव, वर्ध्यातले जुने सल्लागार अभियंता. मी त्यांच्याकडे दोन वर्षं नोकरीला आहे.

मे महिन्यात जबलपूरकडचा भूकंप झाला तेव्हा इकडेही भांडी वाजली होती. पडलं काही नाही. पण विमा कंपनीने जिनिंगच्या लोखंडी शेड तपासून मागितल्या. प्रश्न एवढाच होता: हादऱ्यातून वाचलेली शेड नंतर आगीत किती वेळ तग धरेल? लोखंड जळत नाही म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतं. साडेपाचशे अंशांच्या आसपास त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते, आणि कापसाच्या आगीत उघडा खांब दहा-पंधरा मिनिटांत तिथे पोचतो. म्हणून या शेडच्या खांबांना जाळी बांधून वर दीड इंच सिमेंटचं प्लास्टर केलेलं आहे. ते कवच. भूकंपाने सांगाडा हलतो आणि कवच लोखंडापासून सुटतं. कधी पडतं, कधी नुसतं पोकळ होऊन लटकून राहतं. हातोडीने ठोकलं की आवाजावरून कळतं.

प्रफुल आमची वाटच पाहत होता. त्याच्या भुवया जळल्या होत्या. कमलाबाईला काढायला तो आत गेला होता हे मला तेव्हा कळलं.

"म्याडम, साठ मिनिट तुमीच लिहिले ना? मंग हे बारा मिनिटात कसं काय बसलं?"

मी बोलायच्या आत सर म्हणाले, "साठ टिकणारा खांब बारा मिनिटांत जात नाही. म्हणजे त्याआधी अठ्ठेचाळीस मिनिटं आग आत धुमसत होती. कोणी सांगितलं नाही, एवढंच."

"म्हंजे अकराले आठ कमी," प्रफुलने लगेच हिशेब केला. "तवा त्या कोन्यात कोन होतं? कमलाबाई. तिकडच्या बाजूले तीच राह्यते दिवसभर."

मी मनात वजाबाकी तपासली. बरोबर होती.

क्रमांक ८ ची कमलाबाई माझी सख्खी मावशी आहे. हे सरांना माहीत नाही. सांगायचा प्रसंग आला नव्हता.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दवाखान्यात गेले. वॉर्डाच्या दाराशी शोभाबाई बसली होती. ती मावशीबरोबर जिनिंगला असते.

"या, या, इंजिनेर बाई. आज रस्ता दिसला का?"

मी विचारलं, कशी आहे.

"झोपली हाय. सुई दिली. तू जा आत, तुले कोन अडवते? जूनात आलती तवा तं तूच आमच्याकडं पाह्यलं नाई. मी म्हन्लं, कमळे, तुही भाची काऊन अशी चालून राह्यली, मान अकडली का तिची?"

"मी कामात होते."

"हो बाप्पा. काम आमाले का माह्यीत?"

मावशी खरंच झोपली होती. डावी बाजू गळ्यापर्यंत पट्ट्यांत. डॉक्टर म्हणाले, हात वाचेल, बोटं पूर्ण मिटतील की नाही ते आता सांगता येत नाही. ती वेळेवर बाहेर का आली नाही, हे मी शोभाबाईला जाताना विचारलं.

"नळ फिरवत बसली ना. सारे पयाले, हे म्हने पानी येतेच आता. येतेच आता, येतेच आता, करत राह्यली."

सहा वाजताच्या बसने परत. बाबांना सांगितलं की सुधारणा आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

कार्यालयात ६ जूनचा तक्ता काढून पाहिला. माझं अक्षर सुवाच्य आहे.

खांब २४. दक्षिणेला १ ते १२, उत्तरेला १३ ते २४. प्रत्येक ओळीत तीन रकाने: ठोकून आवाज, दिसणारी भेग, शेरा. १ ते १२ समोर सगळं भरलेलं आहे. खांब ४ ला पायथ्याशी केसासारखी भेग, लांबी ११ सेंटिमीटर, तीही मी लिहिली आहे. १३ समोर 'वरीलप्रमाणे'. तिथून २४ पर्यंत खाली एक सरळ रेघ. पट्टीने मारलेली. त्याखाली पाण्याची नळी: वरीलप्रमाणे.

तक्ते भरताना सगळेच असं करतात. पाहिलेलं सारखंच असेल तर करतात.

६ जूनला उत्तर भिंतीला लागून सरकीचा ढीग होता. कापसातून निघालेलं बी तिथेच साठवतात. ढिगामुळे खांब तपासता आले नाहीत. ऊन फार होतं. प्रफुल, त्याचा मुनीम आणि विम्याचे दोन अधिकारी खोळंबले होते. दक्षिणेचे बाराही खांब उत्तम होते, तेव्हा उत्तरेचेही तसेच असतील हा अंदाज अगदीच निराधार नव्हता.

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. तसंच ठेवते.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

कामाला गेले नाही. ताप नव्हता.

बुधवार, २६ नोव्हेंबर

सकाळच्या बसने एकटी गेले. हातोडी, टेप, बॅटरी. प्रफुल पश्चिमेच्या अर्ध्या भागाला टिनाची भिंत घालून घेत होता. दुसरं यंत्र तिथेच आहे.

"आठ डिसेंबरपासून चालू करतो. आधीच केलं असतं, पन सहा तारखेले या बाया येत नाईत, नागपूरले दीक्षाभूमीवर जातात. मंग म्हन्लं, सोमवारीच."

"त्या भागातले खांब पुन्हा पाहायचे आहेत."

"पाहा ना. तुमचेच तं हायेत."

क्रमांक १९ ते २४. सगळ्यांना चुना मारलेला. लांबून दक्षिणेच्या खांबांसारखेच पांढरे दिसतात. जवळ गेल्यावर:

१९ वर छातीइतक्या उंचीपर्यंत कवच नाही. चुना सरळ लोखंडावर मारला आहे. २० तसाच. २१ पोकळ, ठोकल्यावर ताटाएवढा तुकडा माझ्या पायाशी पडला. २२ वर गुडघ्यापर्यंत नाही. २३ शाबूत. २४ ला माथ्याजवळ, छताच्या जोडापाशी, हातभर उघडा. सुटलेल्या कडा काळपट आणि धुळीने भरलेल्या आहेत. गेल्या आठवड्यातल्या आगीच्या असत्या तर स्वच्छ असत्या. तुटून सहा महिने झालेत.

पाण्याची नळी कोपऱ्यातल्या जोडातून दोन इंच सरकली आहे. तिथे खाली ओलाव्याचा जुना डाग आहे. नळ कितीही फिरवला तरी त्यातून पाणी आलं नसतं.

खांब १५ सुद्धा उघडाच असणार. उघड्या खांबाला बारा मिनिटं हा अगदी बरोबर आकडा आहे. म्हणजे आग ११.४० लाच लागली. अठ्ठेचाळीस मिनिटं नव्हतीच. ती माझ्या तक्त्यातून निघाली.

साठ मिनिटांपैकी मी खरंच पाहिलेलं किती आणि रेघेने मारलेलं किती, हे बसमध्ये काढत होते. असं काढता येत नाही. उत्तरेची रांग गेली की शेड जाते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू पाहिलेच नव्हतेस?"

"नाही."

"का?"

"ढीग होता."

"ढीग हलवायला सांगायचा. मी तुला कधी घाई केली?"

केली नव्हती. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सही माझी आहे, पौर्णिमा. मी तुझा तक्ता न तपासता सही केली. कारण तो तुझा होता."

मग त्यांनी दुसरं सुचवलं. आगीने आणि छताच्या ओढीने पश्चिमेचंही कवच सुटलं, असा नवा अहवाल करायचा. शेड दुरुस्तीपर्यंत बंद ठेवायला सांगायचं. बाया सुरक्षित राहतील. जूनच्या अहवालाला हात लावायचा नाही. "कुणाचं नुकसान होत नाही यात."

"अठ्ठेचाळीस मिनिटांचं काय?"

त्यांनी खणातून कागद काढून दिला. प्रफुलने पाठवलेला जबाब. 'सकाळी अकराच्या आत माझ्या हातून बिडीची ठिणगी कापसात पडली. भीतीपोटी मी कोणास सांगितले नाही. सबब आग वाढली.' खाली निशाणी अंगठा, कमलाबाई.

"बाईनेच कबूल केलंय," सर म्हणाले.

मावशीने आयुष्यात बिडी ओढलेली नाही. ती तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते. आणि तिला सही येते. साक्षरतेच्या वर्गात शिकली, तेव्हा माझ्याच वहीत चार पानं भरून काढली होती.

हे मी सरांना सांगितलं नाही. 'विचार करते' म्हणाले आणि नव्या अहवालाचे कोरे कागद घेऊन घरी आले.

तो मार्ग वाईट नाही. तक्त्यात बसतो. मावशी तशीही पुन्हा जिनिंगला जाणार नाहीच, त्या हाताने. प्रफुलने तो जबाब पोलिसांत दिलेला नाही. लोक चार दिवस बोलतील.

हे मी लिहिलं. खोडत नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मावशी जागी होती. शोभाबाई चहाला गेली होती. मी स्टूल ओढून बसले.

"जेवली का तू?" तिने विचारलं.

"मावशी, तू बिडी कधी ओढलीस?"

"कधीच नाई. तुले माह्यीत नाई का?"

"मग त्या कागदावर अंगठा काऊन दिला?"

कार्यालयात गेल्यापासून मी 'का' म्हणते, 'काऊन' नाही. तोंडून गेलं.

ती छताकडे पाहत होती. "हात थरथरे. सही वाकडी आली असती."

"हात नाही विचारत मी."

"तो प्रफुल आलता. मोसंब्या घेऊन आलता. म्हने, कमलाबाई, आग उशिरा सांगतली असं तुमी म्हना, नाई तं मंग ज्या म्याडमनं खांबं पाह्यले तिनं खोटं लिहिलं असं निघते. तिच्यावर केस होईन, नोकरी जाईन. त्याले का माह्यीत तू माही कोन होय. मी म्हन्लं, घ्या अंगठा. शोभा भांडली माह्याशी."

"प्लास्टर पडलेलं तुला माहीत होतं?"

"माह्यीत काऊन नाई? मीच तं झाडलं. भूकंप झाला त्याच्या सकाळी. दोन टोपले भरले. मुनीम म्हने, फेका मांगं अन् चुना मारून घ्या. मी म्हन्लं, तपासाले येतीन तवा सांगू."

"मग मी आले तेव्हा का नाही सांगितलं?"

ती हसल्यासारखं करायला गेली. मान दुखली असावी, थांबली.

"तू आली चार मानसाईसंग. हातात कागद, पायात बूट. मी लुगडं खोसून सरकीत बसलेली, अंगभर रुई. म्हन्लं, आपन उठून बोललो तं पोरीले त्या लोकाईत ओळख द्या लागीन. त्यायच्यापुढं तिची मान खाली काऊन करा? म्हनून ढिगामांगं सरकली. तू बी तिकडं पाह्यलं नाई. मले वाटलं, बरं झालं. पोरगी समजदार हाय."

मी खाटेला अडकवलेला तक्ता वाचला. ताप ९९.४. नाडी ८८. दोन तासांपूर्वीची नोंद, पाहून केलेली.

"रडू नोको वं," ती म्हणाली.

मी रडत नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

बाबांना सगळं सांगितलं. बाबा, कवडू मिस्त्री, पस्तीस वर्षं गवंडी होते. प्लास्टर ठोकून आवाज ऐकायला मला त्यांनी शिकवलं, कॉलेजने नाही. आठवीत असताना शाळेच्या नव्या खोल्यांच्या भिंती आम्ही दोघांनी ठोकल्या होत्या. मी डोळे मिटून सांगायची, भरीव की पोकळ.

"बारा ठोकले?"

"हो."

"अन् बाकीचे बारा?"

"नाही."

"मंग कोनाच्या भरोशावर लिहिलं?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उठून हात धुतले. जाताना म्हणाले, "कमळाले म्या काई सांगनार नाई. तूच पाह्य."

ढिगाबद्दल मी इथे आणि सरांना जे सांगितलं ते तपासून पाहिलं. ढीग साडेचार फूट होता. माझी उंची पाच फूट तीन इंच आहे. ढिगाच्या पलीकडचं मला दिसत होतं. हिरव्या लुगड्याचा पदर दिसला होता. मी तक्ता डोळ्यांसमोर धरला आणि पट्टी मागितली.

सोमवार, १ डिसेंबर

सरांना सकाळी पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शेवटून दुसरा परिच्छेद काढ. तांत्रिक पत्रात त्याची गरज नाही." मी म्हटलं, अहवाल का चुकला त्याचं कारण तेवढंच आहे. ते म्हणाले, त्यांना सही करता येणार नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले, जूनच्या अहवालावरची त्यांची सही ते नाकारणार नाहीत. मला एवढं पुरे आहे. मी उद्यापासून कार्यालयात जायचं की नाही, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

पत्र तीन वेळा लिहिलं. तिसरं पाठवलं. त्याची नक्कल:

प्रति,
श्री. पुंडलिकराव, मालक
प्रती: विमा कंपनीचे शाखाधिकारी; कारखाना निरीक्षक; श्री. मधुकरराव

आपल्या शेडचा ६ जून १९९७ चा तपासणी अहवाल मी या पत्राने मागे घेत आहे. त्यातील खांब क्रमांक १३ ते २४ आणि पाण्याची नळी मी पाहिलेली नव्हती. पाहिल्याचे लिहिले, ते खोटे आहे. साठ मिनिटांचा आकडा त्यावरच आधारलेला असल्यामुळे तोही खोटा आहे.

२६ नोव्हेंबरला मी खांब १९ ते २४ प्रत्यक्ष ठोकून तपासले. सहापैकी पाचांवरचे कवच भूकंपापासून सुटलेले किंवा पडलेले आहे. नळी जोडातून सरकलेली आहे. या भागात आग लागल्यास तो दहा ते पंधरा मिनिटांत पडेल आणि विझवायला पाणी मिळणार नाही. कवच आणि नळी दुरुस्त होऊन दुसऱ्या अभियंत्याने तपासेपर्यंत तेथे एकही माणूस कामाला बसवू नये.

उघडा खांब बारा मिनिटांत वाकणे हे अपेक्षितच आहे. १९ नोव्हेंबरची आग आधी अठ्ठेचाळीस मिनिटे धुमसत होती, या म्हणण्याला माझ्या खोट्या आकड्याखेरीज कोणताही आधार नाही. श्रीमती कमलाबाई यांनी आग लपवली नाही. त्या बिडी ओढत नाहीत. त्या नळ फिरवत थांबल्या; पाणी आले नाही, कारण नळी ठीक असल्याचे मी लिहून दिल्यामुळे ती कोणी दुरुस्त केली नाही. त्यांचा जबाब मागे घेतल्याचे पत्र त्या स्वतः सही करून देतील.

मी उत्तरेकडील रांग पाहिली नाही, त्याचे कारण सरकीचा ढीग नाही. ढिगामागे कमलाबाई काम करत होत्या. त्या माझ्या मावशी आहेत. आई गेल्यावर मला त्यांनीच वाढवले. त्या मला आपल्यासमोर हाक मारतील, म्हणून मी तिकडे गेले नाही.

शेड ८ डिसेंबरला सुरू होणार नाही आणि कमलाबाईंचा जबाब रद्द समजला जाईल, असे लेखी उत्तर मला शुक्रवार, ५ डिसेंबर रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मिळावे.

पौर्णिमा कवडू
पिपरी मेघे, वर्धा